टिटवी, झटका मशीन आणि जागल

अकोल्याहून वाशीमकडे निघालं, की पातूरनंतर रस्ता घाटाला लागतो. घाट ओलांडला की कडेला सागाची रानं, मधूनमधून सोयाबीन-तुरीची वावरं, आणि मग मालेगाव तालुक्यातलं मेडशी. या गावाच्या नावानं वनखात्याचं परिक्षेत्र आहे. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांच्या सीमेवरचं सुमारे ७३ चौरस किलोमीटरचं काटेपूर्णा अभयारण्यही इथून फार लांब नाही. १९८८ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याची ओळख चौशिंग्यासाठी आहे. बिबट, भेकर, रोही, रानडुक्कर ही मंडळीही आहेतच. त्यांतल्या शेवटच्या दोघांनी या भागातल्या शेतकऱ्याची झोप कायमची उडवलेली आहे.

या भागात कुणी हौसेनं रानात तंबू ठोकून राहत नाही. पण वर्षातले तीन-चार महिने हजारो माणसं रात्री रानातच असतात. सोयाबीनच्या शेंगा भरल्या की जागल सुरू होते, आणि तूर-हरभरा घरी येईस्तोवर थांबून थांबून चालूच राहते. चार बल्ल्यांचं मचाण, वर ताडपत्री, एक वाकळ, बॅटरी, वाजवायला टिनाचा डबा. गेल्या काही वर्षांत त्यात दोन वस्तू वाढल्या: धुऱ्यावर झटका मशीन आणि खिशात मोबाइल.

शहरात हल्ली रानातल्या मुक्कामाची, म्हणजे कॅम्पिंगची, मोठी हौस आहे. त्यासाठी हालचाल टिपणारे गजर, सौरदिवे, ट्रॅप कॅमेरे विकत मिळतात. पुस्तकी सल्लेही मिळतात. मात्र ‘निसर्गाच्या खुणा आणि यंत्र यांची सांगड’ असं ज्याला मोठ्या तोंडानं म्हटलं जातं, ती सांगड तुरीच्या वावरातला जागल्या रोज रात्री घालतो. त्याला तिचं नाव ठाऊक नाही एवढंच.

झटका मशीन कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. सौरपट्टीवर चार्ज होणारी बॅटरी, तिला जोडलेलं यंत्र आणि शेताभोवती फिरवलेली तार. यंत्र साधारण सेकंदाला एक असा उच्च दाबाचा, पण निमिषभराचा ठोका तारेत सोडतं. जनावराला चटका बसतो, ते मागे फिरतं, मरत नाही. (घरगुती विजेची तार थेट कुंपणाला जोडणं ही वेगळीच गोष्ट. तो गुन्हा आहे, आणि विदर्भात त्या तारांनी वाघही मेले आहेत आणि माणसंही.) आता तार किती उंचीवर लावायची, हे यंत्राच्या डब्यावर लिहिलेलं असलं तरी खरं उत्तर जनावराकडे असतं. डुक्कर मुसंडी मारून तारेखालून घुसतं, म्हणून सगळ्यांत खालची तार गुडघ्याच्याही खाली लागते. रोही उडी मारतो, म्हणून वरची तार छातीच्या वर. कुठल्या कोपऱ्यातून येतात, हे मातीतले खूर आणि वाकलेली धांडं सांगतात.

आणि मशीन लावून झोपून जावं, तर तेही नाही. पावसाळ्यात धुऱ्यावरचं गवत वाढून तारेला टेकलं, की करंट जमिनीत उतरतो आणि तार नुसतीच तार उरते. यंत्राची टिकटिक चालू असते, पण गवत टेकलेल्या जागी ‘चट्’ असा बारीक आवाज येऊ लागतो. सरावलेला कान तो आवाज पडल्यापडल्या ओळखतो. सकाळी विळा घेऊन बरोबर त्या जागी जाता येतं.

रानातल्या आवाजांचंही असंच आहे. टिटवीचंच घ्या. जमिनीवर अंडी घालणारा हा पक्षी रात्रीही अर्धा जागाच असतो आणि कशालाही ओरडतो: कुत्रं, माणूस, साप, कोल्हा, बिबट. तिच्या ओरडण्यानं ‘कुणीतरी आहे’ एवढंच कळतं. कोण, ते कळत नाही. बाजारात मिळणारा हालचाल टिपणारा गजर नेमका याच जातीचा. वानराचं खाकरणं त्याहून भरवशाचं. झाडाच्या शेंड्यावरून त्याला लांबचं दिसतं. पण काळोख पडला की त्याचा उपयोग संपतो, आणि गावकुत्र्यालाही ते तितक्याच जोरात खाकरतं. चितळाची कूक ऐकून जुना वनरक्षक जागचा हलत नाही, दुसरी-तिसरी कूक होऊ देतो. सांबराची ‘ढांक’ मात्र मेळघाटात सगळ्यांना उभं करते. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. काटेपूर्णासारख्या रानात भेकराचं भुंकणं ऐकायला मिळतं. ते एकदा भुंकून थांबलं तर सोडून द्यावं, एका जागेवरून भुंकत राहिलं तर त्याची नजर कुणावर तरी खिळलेली आहे असं समजावं. अशा हाकांचा क्रम पुढे पुढे सरकत असेल, आधी नाल्यापलीकडची टिटवी, मग अलीकडचं भेकर, तर चालणारं जनावर कुठल्या दिशेनं जातंय याचा नकाशाच कानात तयार होतो. हे काम आजचं कुठलंही खिशात मावणारं यंत्र करत नाही.

पण कानाचीही एक मर्यादा आहे. कान झोपतो. जागल्यालाही पहाटे तीनच्या सुमाराला डुलकी लागतेच. शिवाय अस्वलासारखं जनावर आलं, तर त्याची खात्रीची बातमी देणारं कुणी नसतं. चितळ-वानरांना अस्वल खात नाही, त्यामुळे ती त्याच्यासाठी गळा सहसा काढत नाहीत. वऱ्हाडात, विशेषतः बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला, अस्वल हाच जास्त काळजीचा विषय असतो. तिथे कानाऐवजी डोळ्यानं आणि कॅलेंडरनं काम भागवावं लागतं. थंडीत बोरं, मार्च-एप्रिलात मोहाची फुलं, पुढे बहाव्याच्या शेंगा आणि उंबरं, हा अस्वलाचा जेवणाचा तक्ता. फुलं गळत असलेल्या मोहाखाली किंवा ताज्या उकरलेल्या वारुळाजवळ अंथरूण टाकणं म्हणजे त्याच्या पानावर जाऊन बसणं.

डुलकीची वेळ यंत्रानं सांभाळावी, हे ओघानंच आलं. मात्र यंत्राला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे आधी कळायला हवं. ट्रॅप कॅमेरा आणि हालचाल टिपणारे बहुतेक गजर पीआयआर सेन्सरवर चालतात. हा सेन्सर उष्णता टिपतो. म्हणजे आजूबाजूच्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी समोरून सरकलं, की तो जागा होतो. थंडीतल्या रात्री तो फक्कड चालतो. पण मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांना भिडतो, आणि रात्री उशिरापर्यंत दगड तव्यासारखे तापलेले असतात. जनावराचं अंग आणि मागची जमीन यांच्या तापमानात फरकच राहत नाही, आणि सेन्सर आंधळा होतो. उलट गरम झुळकीत हलणाऱ्या गवताला तो जनावर समजतो. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो काढले. त्यांतले वाघाचे निघाले ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. बाकी सगळं इतर जनावरं, गुरं, माणसं आणि डुलणारी पानं. गणनेला हे चालतं, नंतर छाननी होते. तंबूत झोपलेल्या माणसाचा गजर रात्रीत वीसदा वाजला, तर एकविसाव्यांदा तो उठत नाही.

आणि सापाचं काय? साप थंड रक्ताचा. त्याच्या अंगाचं तापमान जमिनीइतकंच असतं, त्यामुळे पीआयआरच्या लेखी साप अस्तित्वातच नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण रानातल्या मुक्कामाची भीती आणि रानातला खरा धोका यांची गाठ क्वचितच पडते. मुक्कामाला जाणारा पहिला प्रश्न विचारतो तो बिबट्याचा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे. त्यात मण्यार ही रात्रीची आणि अंथरुणातली. ती जमिनीवर झोपलेल्या माणसाजवळ येते, चावते, आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात. तिच्यावरचा उपाय दीड-दोनशे रुपयांचा आहे: कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका पुष्कळ कमी आढळला. तंबूच घ्यायचा तर तळ शिवलेला घ्यावा आणि चेन पूर्ण लावावी. जागल्याचं मचाण आणि घरातली बाज यांचं शहाणपणही तेच. रॉकेल, मीठ, दोरीची ‘लक्ष्मणरेषा’ वगैरे प्रकारांनी साप थांबत नाही.

दिव्याची गंमत अशी, की तो सुरक्षिततेसाठी लावतात आणि तोच पाहुणे बोलावतो. पांढऱ्या झगझगीत दिव्यावर किडे येतात, किड्यांवर बेडूक, बेडकांवर साप. रात्री आग्या मोहळाच्या माश्यांनाही उजेड खेचतो. महाराष्ट्रातल्या गडकिल्ल्यांवर आग्या माश्यांनी ट्रेकर्सना झोडपल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. बहुतेकदा कारण धूर, नाहीतर अत्तराचा वास. तेव्हा मुक्कामाची जागा ठरवताना पायाखाली पाहण्याआधी मान वर करून पाहावं: कड्याला, वडाला मोहळ लटकलंय का, आणि डोक्यावर वाळकी फांदी आहे का. दिवा हवाच असेल तर पिवळा, मंद, तंबूपासून लांब.

हलता दिवा मात्र वेगळी गोष्ट. केनियात, नैरोबी राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या मसाई मुलावर घरची गुरं सांभाळायची जबाबदारी होती. रात्री सिंह येत. त्यानं आधी आग पेटवून पाहिली, मग बुजगावणं उभं केलं. आगीचा उपयोग झाला नाही, उलट तिच्या उजेडात सिंहांना गोठ्यातलं दिसू लागलं; बुजगावण्याला ते सरावले. एका रात्री तो बॅटरी घेऊन गोठ्याभोवती फिरत होता, तेव्हा सिंह आले नाहीत. त्यावरून त्यानं ताडलं, की सिंह उजेडाला भीत नाहीत, चालणाऱ्या उजेडाला भितात. मग जुन्या गाडीची बॅटरी, इंडिकेटरचा डबा आणि सौरपट्टी जोडून त्यानं आळीपाळीनं लुकलुकणारे दिवे बसवले. यंत्र साधंच होतं. खरी कमाई ते निरीक्षण. तरी अशा दिव्यांनाही जनावरं हळूहळू सरावतात, म्हणून जागल्या आपली बॅटरी कधी या कोपऱ्यातून तर कधी त्या कोपऱ्यातून मारतो.

चंद्राचाही हिशेब आहे. टांझानियात १९८८ ते २००९ या काळात सिंहांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांच्या नोंदी क्रेग पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. सर्वाधिक हल्ले पौर्णिमा उलटल्यावरच्या दिवसांत, संध्याकाळी, चंद्र उगवण्याआधीच्या काळोखात झालेले दिसले. चांदण्या रात्री शिकार हुकते, मग भूक साठते, असा त्याचा अर्थ लावला गेला. बिबट म्हणजे सिंह नव्हे आणि मेडशी म्हणजे टांझानिया नव्हे, पण वद्य पक्षातल्या पहिल्या आठवड्यात दिवेलागणीनंतर एकट्यानं नाल्याकडे जाऊ नये, एवढं शिकायला हरकत नाही. आपल्याकडे उलट बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं लोकांना पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसवतं, ‘निसर्गानुभव’ या नावानं. रानात कायदेशीरपणे रात्र काढायची ही उत्तम सोय. एरवी राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं आणि विस्तव करणं १९२७च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे. अभयारण्यात पाऊल टाकायलाही १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

कुत्रा हा सगळ्यांत जुना गजर. त्याचं नाक वाऱ्याची दिशा धरून काम करतं आणि बॅटरी संपत नाही. पण इथे एक मोठी मेख आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबानं बिबट्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा निघाला. म्हणजे राखणीला नेलेला कुत्रा हेच बिबट्याचं आमंत्रण ठरू शकतं. हिमालयातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात, तो याचसाठी. कुत्रा न्यायचा तर तो रात्री बाहेर बांधून ठेवू नये.

मोठी जनावरं माणसाला किती टाळतात, याचा सज्जड पुरावा वऱ्हाडातच आहे, आणि तो यंत्रानंच दिला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला २०१९च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली. त्याचं कागदोपत्री नाव टी१-सी१, लोकांनी ठेवलेलं ‘वॉकर’. जूनमध्ये तो निघाला आणि डिसेंबरात ज्ञानगंगेला पोहोचला: सुमारे १,३०० किलोमीटर, तेही कपाशी-तुरीच्या वावरांतून, हमरस्ते ओलांडत. दिवसा झुडपात पडून राहायचं, रात्री चालायचं. एवढ्या प्रवासात माणसाला किरकोळ इजा झाल्याची एकच घटना नोंदली गेली, आणि तीही तो विसावला होता त्या झुडपात माणसं शिरल्यामुळे. भर दुपारी गर्द झुडपात शिरू नये ही सूचना कुठलंही ॲप देत नाही. गुराखी देतो.

यंत्रावरच भिस्त ठेवली तर काय होतं, याचं उदाहरण उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डमधलं आहे. तिथे तळाभोवती तार ताणतात. ध्रुवीय अस्वलाचा पाय लागला की बार उडतो. ऑगस्ट २०११मध्ये एका ब्रिटिश शालेय मोहिमेच्या तळावर अस्वल आलं आणि बार उडालाच नाही. रात्रीचा पहारा ठेवलेला नव्हता. सतरा वर्षांचा एक मुलगा गेला, चौघं जखमी झाले. नंतरच्या चौकशीत तारेच्या यंत्रणेचे काही भागच नसल्याचं पुढे आलं.

याउलट चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोब्याला लागून असलेल्या सीतारामपेठेत २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवले गेले. गावाकडे सरकणारा वाघ ओळखून ते लोकांना इशारा देतात. टिटवीला जे जमत नाही, म्हणजे कोण आलंय ते सांगणं, ते हे यंत्र करतं. मात्र कॅमेरा कुठल्या वाटेवर रोखायचा, हे वाघाची ये-जा माहीत असलेलाच सांगू शकतो.

वीज आणि वणवा या दोन बाबतींत मात्र यंत्राला निर्विवाद पुढे बसवावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप तुमच्या भोवतालच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असल्यास कळवतं. रेंज नसेल तर जुना हिशेब आहेच: चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदाला एक किलोमीटर. मचाण मण्यारीपासून वाचवतं, पण विजेच्या वेळी उघड्या वावरातली ती सगळ्यांत उंच जागा असते. उतरून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जाणं हाच मार्ग. पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट: कोरड्या नाल्यातली मऊ वाळू झोपायला कितीही छान वाटली, तरी वरच्या डोंगरात कोसळलेला पाऊस आधी तिथूनच जातो.

वणव्याचा काळ साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून. सागाची वाळलेली पानं घोट्याएवढी साचलेली असतात, आणि ‘जनावरं येऊ नयेत म्हणून’ पेटवलेली शेकोटी त्यात जनावरांपेक्षा मोठं संकट ठरते. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आग टिपून नोंदणी केलेल्या कुणालाही मोबाइलवर इशारा पाठवतं. उपग्रह मात्र ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो. मधल्या तासांत जळका वास आणि वाऱ्याची दिशा यांवरच राहावं लागतं. उन्हाळ्यात झोपण्याआधी वनखात्याची जाळरेषा कुठे आहे, हे पाहून ठेवलेलं बरं. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, नकाशाला मात्र लागते, म्हणून तो आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय भारतात बाळगता येत नाही. वनखात्याचा ‘हॅलो फॉरेस्ट’ १९२६ आणि आपत्तीचा ११२, हे दोन क्रमांक पाठ असले तरी कुठल्या टेकाडावर रेंज येते, ते उजेडातच शोधून ठेवायचं असतं.

एक युक्ती बिनखर्चाची आहे. वनखात्यात ठसे उमटावेत म्हणून वाटेवर बारीक माती चाळून पट्टी करतात. वाघांची गणना अनेक वर्षं ठशांवरच होत असे. तशीच हातभर रुंदीची पट्टी मुक्कामाकडे येणाऱ्या पाऊलवाटेवर संध्याकाळी करायची आणि हातानं सपाट करून ठेवायची. रात्री ती काही वाजवत नाही. सकाळी ऊन तिरपं असताना तिच्याशी उकिडवं बसलं, की रात्रीची हजेरी वाचता येते. नखं उमटली असतील तर कुत्रं, कोल्हा किंवा तरस. नखं नसतील आणि मागच्या गादीला तीन फुगवटे असतील तर मांजरकुळातलं कुणीतरी. माणसाच्या पावलासारखं लांबट दिसलं आणि पुढे नखांच्या रेघा असल्या तर अस्वल. बहुतेक सकाळी मात्र तिथे सशाच्या उड्या असतात, मुंगसाची घाईची पावलं असतात, नाहीतर सायाळीच्या काट्यांनी ओढलेल्या बारीक रेघा, आणि त्यांच्यावर रात्री लघवीला उठलेल्या कुणाच्या तरी चपलेचा ठसा.